जनरल मॅनेजरचा शोध: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतल्या बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाने १९१८ नंतर एकदाही वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली नव्हती. २००२च्या सुरुवातीला जॉन हेन्री आणि त्यांच्या भागीदारांनी हा संघ विकत घेतला. त्यांनी जनरल मॅनेजर डॅन डुकेट यांना लगेच दूर केलं आणि कारभार हंगामी म्हणून माइक पोर्ट यांच्याकडे सोपवला. कायमचा माणूस मिळायला मात्र नोव्हेंबर उजाडला. या पदाविषयी आणि त्यासाठीच्या शोधाविषयी जे गैरसमज आहेत, त्यांतले बरेचसे या एका शोधातून दूर होतात.

गैरसमज: जनरल मॅनेजर सामना चालवतो.
वस्तुस्थिती: कोण खेळणार, पिचर कधी बदलायचा, हे मॅनेजर ठरवतो. तो खेळाडूंबरोबर डगआउटमध्ये बसतो. त्याच्या हाती कोणते खेळाडू असतील, हे जनरल मॅनेजर ठरवतो. करार, अदलाबदल, नवोदितांची निवड, स्काउट आणि आकडेवारीचे विश्लेषक हे सगळं त्याच्या अखत्यारीत येतं.

गैरसमज: पैसा ओतला की हवा तो माणूस मिळतो.
वस्तुस्थिती: रेड सॉक्सची पहिली पसंती ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचे जनरल मॅनेजर बिली बीन यांना होती. पाच वर्षांसाठी सुमारे सव्वा कोट डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या. बीन यांनी होकार दिला आणि लगेच मागेही घेतला, कारण त्यांना कॅलिफोर्नियात मुलीजवळ राहायचं होतं. शिवाय करारात असलेल्या माणसाशी बोलायचं तर आधी त्याच्या संघाची परवानगी लागते, कधी मोबदलाही द्यावा लागतो. २०११मध्ये बोस्टनचे जनरल मॅनेजर थिओ एपस्टीन तो संघ सोडून शिकागो कब्सकडे गेले, तेव्हा कब्सला त्या बदल्यात खेळाडू द्यावे लागले होते.

गैरसमज: या पदाला नावाजलेला माजी खेळाडूच हवा.
वस्तुस्थिती: बीन यांच्या नकारानंतर रेड सॉक्सने आपल्याच कार्यालयातल्या एपस्टीन यांना नेमलं. वय २८. व्यावसायिक बेसबॉल ते कधीच खेळले नव्हते. येलमध्ये शिकलेले, कायद्याचे पदवीधर. २०२०मध्ये मायामी मार्लिन्सने किम अँग यांना नेमलं आणि मेजर लीगला पहिली महिला जनरल मॅनेजर मिळाली. त्याआधी त्यांनी अनेक वर्षं वेगवेगळ्या संघांकडे मुलाखती दिल्या होत्या. पात्र माणसं असतातच; त्यांच्यावर जबाबदारी टाकायला मालक तयार होत नाहीत.

गैरसमज: चांगला जनरल मॅनेजर म्हणजे मोठी नावं आणणारा.
वस्तुस्थिती: एपस्टीन यांनी कर्ट शिलिंगसारखा बडा पिचर आणला, हे खरं. पण १७ ऑक्टोबर २००४च्या रात्रीचा न्यूयॉर्क यँकीजविरुद्धचा सामना पाहा. वर्ल्ड सिरीजमध्ये नेणाऱ्या मालिकेत बोस्टन ०–३ असं मागे, नववा डाव, धावफलक ३–४, समोर यँकीजचा पिचर मारियानो रिव्हेरा. केव्हिन मिलारला वॉक, म्हणजे फटका न मारता पहिला बेस, मिळाला. त्याच्या जागी धावायला आलेल्या डेव्ह रॉबर्ट्सने दुसरा बेस चोरला. बिल म्युलरच्या फटक्यावर तो घरी पोहोचला आणि बरोबरी झाली. बाराव्या डावात डेव्हिड ऑर्टिझने होमरन मारून सामना जिंकला. हे चौघेही एपस्टीन यांनी आणलेले. ऑर्टिझला तर मिनेसोटाने सोडून दिलं होतं. बोस्टनला तो साडेबारा लाख डॉलरना मिळाला. रॉबर्ट्सला बदली धावायला पाठवलं मॅनेजर टेरी फ्रँकोना यांनी, पण तो बाकावर होता तो एपस्टीन यांनी ३१ जुलैला केलेल्या व्यवहारामुळे. ती मालिका फिरली आणि त्याच महिन्यात बोस्टनने ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

गैरसमज: जनरल मॅनेजरचा शब्द अखेरचा असतो.
वस्तुस्थिती: आता बऱ्याच संघांत त्याच्या वर बेसबॉल विभागाचा अध्यक्ष असतो. कब्समध्ये एपस्टीन अध्यक्ष होते आणि जेड हॉयर जनरल मॅनेजर. मार्लिन्सने असंच वरचं पद भरायचं ठरवलं, तेव्हा २०२३मध्ये किम अँग बाहेर पडल्या. म्हणून उमेदवारही मुलाखतीत विचारून घेतात: अखेरचा निर्णय कुणाचा?

गैरसमज: माणूस बदलला की पुढच्याच हंगामात निकाल दिसतो.
वस्तुस्थिती: एपस्टीन यांच्या कब्समधल्या पहिल्याच हंगामात, २०१२मध्ये, कब्स १०१ सामने हरले. विजेतेपद आलं २०१६मध्ये, तब्बल १०८ वर्षांनी. मालकांनी मधल्या काळात हात आखडला असता तर ते आलंच नसतं. योग्य माणूस निवडणं हे मालकाचं अर्धंच काम; त्याला अधिकार आणि पुरेशी वर्षं देणं हे उरलेलं अर्धं, आणि तेच जास्त अवघड.