लिनक्स संगणकाची संपूर्ण विषाणुतपासणी

लिनक्स प्रणालीला विषाणूंची बाधा होत नाही, ही समजूत अभ्यासकवर्गात अद्याप रूढ आहे. तिला काही आधार आहे. परंतु ती सर्वस्वी खरी नव्हे. १९९६ साली ‘स्टॅओग’ व १९९७ साली ‘ब्लिस’ हे विषाणू याच प्रणालीसाठी लिहिले गेले. त्यांचा प्रसार फारसा झाला नाही. याचे एक कारण असे की, सामान्य वापरकर्त्यास प्रणालीच्या मूळ फायलींत फेरफार करण्याचा अधिकार नसतो. मात्र प्रबंधाची टिपणे, निरीक्षणांची कोष्टके आणि पत्रव्यवहार त्याच्याच मालकीचा असतो. म्हणजे जे गमावले असता अभ्यासकाची खरी हानी व्हावयाची, त्यालाच हे संरक्षण लागू पडत नाही.

अशा तपासणीसाठी ‘क्लॅमएव्ही’ हे मुक्त साधन २००२ पासून उपलब्ध आहे. २०१३ पासून ते सिस्को या कंपनीकडे आहे. ज्ञात विषाणूंच्या खुणांचा एक संग्रह बाळगून प्रत्येक फाइल त्याच्याशी ताडून पाहावयाची, अशी त्याची मुख्य रीत होय. साहजिकच संग्रह जुना असेल तर तपासणी व्यर्थ. म्हणून प्रथम ‘फ्रेशक्लॅम’ चालवून तो अद्ययावत करावा लागतो. तदनंतर ‘क्लॅमस्कॅन’ ही आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने, मूळ निर्देशिकेपासून सर्व उपनिर्देशिकांत उतरण्याचा पर्याय जोडून दिली जाते. हा अधिकार नसल्यास इतरांच्या खासगी फायली वाचल्याच जात नाहीत, आणि ‘संपूर्ण’ हे विशेषण नाममात्र उरते. ‘प्रॉक’ व ‘सिस’ या निर्देशिका वगळणे इष्ट. त्यांतील फायली तबकडीवर नसून कर्नल त्या तत्क्षणी निर्माण करीत असतो.

निष्कर्ष वाचताना विशेष सावधगिरी हवी. आज्ञा संपल्यावर मिळणारा अंक ० असल्यास काही सापडले नाही, १ असल्यास विषाणू आढळला, २ असल्यास तपासणीतच दोष झाला, असे समजावयाचे. तथापि ० म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. ठरावीक मर्यादेहून मोठ्या फायली हे साधन पूर्णपणे तपासत नाही, आणि तशी सूचना देण्याचा पर्याय मुद्दाम जोडला नसेल तर त्याही निर्दोष गणल्या जातात. मोठ्या संकुचित संग्रहांत संशोधनसामग्री साठविणाऱ्यांनी ही मर्यादा वाढवून घ्यावी.

याहून घातक आहे तो सापडलेली फाइल आपोआप नष्ट करण्याचा पर्याय. काही टपालप्रणाली संपूर्ण पत्रव्यवहार एकाच फाइलमध्ये ठेवतात. त्यांतील एका पत्राच्या जोडपत्रात विषाणू आढळला, तरी सारी फाइलच बाधित ठरते आणि अनेक वर्षांची पत्रे एका क्षणात नाहीशी होतात! खोटा इशाराही अशक्य नाही. यास्तव प्रथम केवळ नोंद घ्यावी व निर्णय माणसाने करावा, हेच श्रेयस्कर.

कर्नलमध्येच दुष्ट प्रणाली शिरली असेल, तर ती तपासणाऱ्यापासून आपल्या फायली लपवू शकते. तसा संशय असल्यास संगणक निराळ्या, विश्वसनीय यूएसबी साधनावरून सुरू करून मूळ तबकडी केवळ वाचनापुरती जोडावी, आणि मगच तपासणी करावी.