मालक गावाला गेल्यावर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पूर्वी गावोगावी गुराखी असायचा. सकाळी दारोदारची गुरं गोळा करायची, डोंगराला चारायची आणि दिवेलागणीला ज्याची त्याच्या दावणीला आणून बांधायची. या कामाबद्दल त्याला राखोळी मिळे. गुराखी आता दिसेनासा झाला, पण राखोळी राहिली आहे. फक्त गाई-म्हशींच्या जागी कुत्री-मांजरं आली आणि कामाला ‘पेट सिटिंग’ असं साहेबी नाव मिळालं.

पाचगणीत माझ्या परिचयाच्या एक मावशी हे काम करतात. मे महिन्यात आणि दिवाळीत त्यांना बोलायला सवड नसते. कमरेला चार घरांच्या किल्ल्या. पहाटे एका बंगल्यातला लॅब्राडोर फिरवायचा, मग दुसरीकडच्या दोन मांजरांचं पाहायचं, मग तिसरीकडे. जाता-येता कुठं झाड पडलं, कुणाकडं लाइट नाही, कुणाच्या घरी पाहुणे उतरले, ही सगळी बातमी त्यांच्याकडं आधी पोचते. पिंजऱ्यातला पोपट मात्र त्या सांभाळत नाहीत. आपल्याकडचे पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या मालकाच्या तोंडावर सांगतात.

लोकांना वाटतं, वेळेवर खायला घातलं की झालं. तसं नाही. कुत्र्याचा जीव माणसात गुंतलेला असतो. मालक गेला की ते पहिले एक-दोन दिवस दाराशी बसून राहतं, अन्नाला तोंड लावत नाही. मालकाचा न धुतलेला सदरा त्याच्या अंथरुणावर टाकला, तर त्या वासानं ते पुष्कळदा निवतं. मांजराचा जीव घरात. म्हणून मांजर दुसरीकडं नेण्यापेक्षा त्याच्याच घरी जाऊन सांभाळावं. पण त्याचं उपाशी राहणं मुळीच हलकं घेऊ नये. विशेषतः लठ्ठ मांजरानं दोन-तीन दिवस खाल्लं नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठते आणि ते दगावू शकतं.

खाण्यात आणखी एक गंमत आहे, म्हणजे गंमत कसली, संकटच. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याला विषासारख्या. मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आमच्याकडचा शीरखुर्मा काय आणि दिवाळीचा चिवडा काय, मनुका दोन्हींत असतात. तेव्हा लाडानं घास भरवणाऱ्या पाहुण्यांवर मावशींचा डोळा असतो.

डोंगरातला पाऊस हे वेगळंच प्रकरण. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पाचगणीत त्याच्या निम्म्याहूनही कमी, तरी अंगण आठवडाभर वाळत नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळतं, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. गोचिडांचा ताप त्याहून लबाड. कुत्रं नुसतं मलूल दिसतं. हिरड्या पांढऱ्या पडल्या म्हणजे उशीर झालेला असतो. अंगाला हात लावून ताप ठरवू नये, कारण कुत्र्याचं अंग मुळातच आपल्याहून गरम असतं. १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचंच तापमान.

आणि बिबट्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहारात, वजनाच्या हिशेबानं, पाळीव कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के निघाला. अंधार पडल्यावर कुत्रं अंगणात साखळीनं बांधणं म्हणजे त्याला ताटात वाढून ठेवणं. राखणीसाठी कुत्रं बाहेरच हवं म्हणणाऱ्या मालकाचं काम मावशी घेत नाहीत, आणि मला ते अगदी पटतं.

जुलै २०२१ मध्ये काय झालं ते सांगतो. एक कुटुंब दोन दिवसांसाठी महाडला गेलं होतं. घरी म्हातारा लॅब्राडोर, त्याला फिट्स येत, दिवसातून दोनदा गोळी. गोळ्या ठेवलेल्या तीन दिवसांच्या. २२ तारखेला पाऊस असा कोसळला की महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त नोंद झाली. महाड पाण्यात गेलं, आंबेनळी घाट ठिकठिकाणी खचून बंद पडला. मालकांचा फोन लागेना. फिट्सची गोळी अशी आहे की ती एकदम थांबवली तर झटके उलटून, जास्त जोरानं येतात. मावशींना हे ठाऊक होतं. अर्धी-अर्धी गोळी देऊन दिवस वाढवावेत, असं कुणी सुचवलं, त्यांनी ऐकलं नाही. रिकामी होत आलेली पाकिटाची पट्टी देऊन शेजारच्या मुलाला, पाऊस जरा उघडल्यावर, पसरणी घाटानं वाईला धाडलं. औषधवाल्यानं चिठ्ठीशिवाय गोळी द्यायला नकार दिला, आणि तो बरोबरच होता. ही माणसांनाही देतात तीच गोळी, नोंद ठेवून विकायची. शेवटी पशुवैद्यांना गाठून चिठ्ठी लिहून घेतली. मुलगा परतला तेव्हा डबीत एकच गोळी उरली होती. मालक आले त्यानंतर चार दिवसांनी.

तेव्हापासून मावशींचा नियम झाला. मालक जितके दिवस जाणार, त्यावर आठ दिवसांचं औषध जादा. डॉक्टरांची चिठ्ठी, लसीचं कार्ड आणि फोन नंबर एका वहीत. आणि खर्चाचे पैसे आधी. कुत्रं चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे.

पैशांवरून आठवलं. शेजारधर्म म्हणून हे काम फुकट करून घेणारे पुष्कळ आहेत. गुराख्याची राखोळी कुणी बुडवत नसे, मग हिची का बुडवावी? मावशींना दर विचारला. म्हणाल्या, “भाई, कुत्र्याचे पूर्ण, मांजराचे अर्धे.” मी म्हटलं, असं का? “मांजर कुठं मला कामावर ठेवतंय? ते येऊ देतंय इतकंच.”