सारखी रचना, सारखी जळजळ? रसायनांच्या साधर्म्याविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

एखादे रसायन त्वचेला किंवा डोळ्याला कितपत इजा करील हे ठरवण्यासाठी दर वेळी नवा प्रयोग करावाच लागतो असे नाही. ज्या पदार्थाची रेणूरचना त्या रसायनाशी मिळतीजुळती आहे आणि ज्याचे परिणाम आधीच तपासले गेले आहेत, त्याच्या माहितीवरून नव्या रसायनाविषयी अनुमान काढता येते. या पद्धतीला ‘रीड-अक्रॉस’ म्हणजे साधर्म्यावरून केलेले अनुमान म्हणतात. यात माहिती असलेला पदार्थ हा स्रोत पदार्थ आणि ज्याविषयी अनुमान करायचे तो लक्ष्य पदार्थ होय. कपाशीवरील फवारणी, केळीची पिकवण, मिरचीचा व्यापार आणि औद्योगिक वसाहतींतील कारखाने यांमुळे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत दाहक पदार्थांशी रोज संबंध येणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि साधर्म्याविषयीचे चुकीचे समजही तितकेच रुजलेले आहेत. खानदेशातल्या ओळखीच्या पदार्थांच्याच आधारे ते तपासून पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

गैरसमज: साधर्म्यावरून काढलेले अनुमान हा नुसता अंदाज; खरी चाचणी म्हणजे सशावरची.

सशाच्या डोळ्यात किंवा कातडीवर रसायन लावून लालसरपणा आणि सूज यांना गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील शास्त्रज्ञ जॉन ड्रेझ यांच्या नावाने ओळखली जाते आणि ती 1944 सालची आहे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, 1981 मध्ये तिला 404 (त्वचा) आणि 405 (डोळे) या क्रमांकांच्या मार्गदर्शिकांचे रूप दिले आणि ती जगभर प्रमाण मानली गेली. परंतु लालसरपणा किती हे परीक्षकाच्या नजरेवर अवलंबून राहते, आणि सशाच्या डोळ्याची रचना व अश्रूंचे प्रमाण माणसाहून वेगळे असते. त्यामुळे ही चाचणीसुद्धा अखेर एका प्राण्यावरून दुसऱ्याविषयी केलेले अनुमानच आहे. मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या त्वचेवरील चाचणीला 2010 मध्ये 439 या क्रमांकाने मान्यता मिळाली. तिच्यात रसायन लावल्यानंतर निम्म्या किंवा त्याहून कमी पेशी जिवंत राहिल्या तर तो पदार्थ दाहक धरला जातो. भारतात तर 2014 पासून सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना कायद्यानेच बंदी आहे.

साधर्म्याचे अनुमान या सगळ्या माहितीवर उभे राहते. त्याच्या अहवालात दोन्ही पदार्थांची शुद्धता, पाण्यात व तेलात विरघळण्याचे प्रमाण, सामू म्हणजे आम्ल-अल्कतेचे मोजमाप, शरीरात किंवा पाण्यात गेल्यावर त्यांचे काय होते याचा तपशील, आणि साधर्म्य नेमके कोणत्या कारणाने इजेपर्यंत पोचते याचे स्पष्ट गृहीतक द्यावे लागते. युरोपीय रसायन संस्थेने अशा अहवालांच्या तपासणीची चौकट 2015 मध्ये प्रसिद्ध केली. गृहीतक नसलेले साधर्म्य ती चौकट स्वीकारत नाही, आणि ते योग्यच आहे. विशेषतः ‘हा पदार्थ दाहक नाही’ असा निष्कर्ष काढायचा असेल तर पुरावा अधिक भक्कम लागतो, कारण त्यातली चूक कामगाराच्या डोळ्यावर बेतते.

गैरसमज: रेणू जवळजवळ एकसारखे असतील तर परिणामही तोच.

या समजाला सर्वांत चांगले उत्तर मिरचीकडून मिळते. दोंडाईचाचा मिरची बाजार आणि 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यातच असलेल्या नंदुरबारच्या पथाऱ्या, जिथे लाल मिरची उघड्यावर वाळत घातली जाते, तिथे देठ खुडणाऱ्या मजुरांच्या हातांची आग रात्रीपर्यंत शमत नाही. ही आग प्रामुख्याने कॅप्सेसिन आणि डायहायड्रोकॅप्सेसिन या दोन रेणूंमुळे होते. त्यांच्यात फरक फक्त एका दुहेरी बंधाचा आहे आणि तिखटपणा जवळपास सारखाच आहे, म्हणजे या जोडीपुरते साधर्म्य खरे ठरते. पण काही गोड मिरच्यांमध्ये कॅप्सिएट नावाचा तिसरा रेणू असतो. कॅप्सेसिनच्या मध्यभागी असलेल्या नायट्रोजनाच्या जागी त्यात ऑक्सिजन आहे. बाकीचा सांगाडा तोच आहे, आणि तरीही कॅप्सिएटचा तिखटपणा कॅप्सेसिनच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतकाच आहे.

याचे कारण अधिक बोलके आहे. कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरील ज्या ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला, चेतवते ती डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने 1997 मध्ये शोधली, आणि या कामासाठी त्यांना 2021 चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. कॅप्सिएटही त्याच ग्राहीला चेतवू शकतो, असे जपानी संशोधकांच्या 2003 सालच्या कामातून दिसले. परंतु उंदरांच्या त्वचेवर, डोळ्यात किंवा तोंडात तो लावला तर काहीच प्रतिक्रिया आली नाही, आणि तोच कातडीखाली टोचला तेव्हा मात्र वेदनेची लक्षणे दिसली. म्हणजे कुलपात बसणारी किल्ली हाती होती, पण दारापर्यंत पोचण्याची वाट नव्हती. कॅप्सिएट तेलात अतिशय विरघळतो आणि लवकर तुटतो, म्हणून पृष्ठभागावरून तो मज्जातंतूंपर्यंत जात नाही. साधर्म्य पाहताना रेणू कोणाला चिकटतो एवढे पाहून भागत नाही, तो तिथवर पोचतो का हेही पाहावे लागते.

कपाशीवर फवारल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशकांतही असाच फरक आढळतो. सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि फेनव्हॅलरेट यांच्या रेणूत सायनो गट, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजनाची एक जोडी, ठरावीक ठिकाणी असतो. परमेथ्रिनमध्ये तो नसतो. फवारणीनंतर काही तासांत चेहऱ्यावर मुंग्या येणे, टोचल्यासारखे होणे, आग होणे या तक्रारी सायनो गट असलेल्या पदार्थांत जास्त दिसतात, घाम आणि उन्हाने त्या वाढतात आणि बहुधा दिवसभरात ओसरतात. एका पायरेथ्रॉइडचा अनुभव दुसऱ्याला लावण्यापूर्वी हा गट तपासणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

गैरसमज: जळजळ, भाजणे आणि अ‍ॅलर्जी ही एकाच त्रासाची नावे.

सायपरमेथ्रिनने चेहरा चुरचुरतो तेव्हा त्वचा लाल होतेच असे नाही, आणि मज्जातंतू नसलेल्या प्रयोगशाळेतील त्वचेत ही चुरचुर दिसणारही नाही. संवेदनेचा त्रास, दाह, क्षरण आणि अ‍ॅलर्जी या चार वेगळ्या गोष्टी आहेत. दाह म्हणजे भरून येणारी इजा. क्षरण म्हणजे त्वचेचे थर कायमचे नष्ट होणे. आणि डोळ्याच्या बाबतीत 21 दिवसांत पूर्ववत न होणारी इजा गंभीर वर्गात धरली जाते. अ‍ॅलर्जीत शरीराची प्रतिकारयंत्रणा आधी त्या पदार्थाशी परिचित होते आणि नंतर अल्प प्रमाणावरही उसळते.

सातपुड्याच्या रानात मिळणारा बिब्बा हे याचे ठळक उदाहरण होय. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करण्यासाठी त्याचा काळा रस वापरत, आणि तो कोणाच्या अंगावर उततो, कोणाच्या नाही, हे ग्रामीण घरांत सर्वांना ठाऊक असे. त्याच्या तेलातील भिलावनॉल हे कॅटेकॉल गटाचे, लांब शेपटीचे रेणू असून उत्तर अमेरिकेतील पॉयझन आयव्ही या वेलीतील उरुशिऑलशी त्यांचे जवळचे नाते आहे. एकाची अ‍ॅलर्जी जडलेल्या माणसाला दुसराही उतू शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना धुऊन आलेल्या कपड्यांवरील बिब्ब्याच्या खुणेजवळ पुरळ उठत असे आणि वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद झाली. इथे उरुशिऑलवरून बिब्ब्याविषयी केलेले अनुमान अ‍ॅलर्जीपुरते भक्कम आहे; दाहाची मात्रा किती याचे उत्तर मात्र त्यातून निघत नाही.

गैरसमज: एकाच कामाला लागणारे पदार्थ एकमेकांसारखेच.

रावेर, यावल आणि सावदा भागातील केळी बहुतांशी कच्चीच परराज्यांत जातात आणि ती पिकवण्याचे काम पुढे होते. इथिलीन वायू, इथेफॉन आणि कॅल्शियम कार्बाइड ही तिन्ही ‘पिकवण्याची औषधे’ म्हणून एकाच दमात उच्चारली जातात. त्वचा आणि डोळ्यांच्या दृष्टीने मात्र त्यांचे एकमेकांशी काहीही साम्य नाही. इथिलीन हा साधा वायू असून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 पासून दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत त्याला परवानगी दिली आहे. इथेफॉन वनस्पतीत गेल्यावर इथिलीनच सोडते, पण बाटलीतील तीव्र द्रावण जोरदार आम्लधर्मी असते आणि युरोपीय वर्गीकरणात ते त्वचेचे क्षरण करणारे म्हणून नोंदलेले आहे.

कार्बाइडची गोष्ट निराळी आहे. पाण्याचा स्पर्श होताच त्यापासून अ‍ॅसिटिलीन वायू आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे भिजवलेला चुना, तयार होतो आणि उष्णताही बाहेर पडते. अ‍ॅसिटिलीनची रचना इथिलीनच्या जवळची आहे, म्हणून कोणी कार्बाइडला इथिलीनच्या पंक्तीत बसवले तर ती घातक चूक ठरेल. डोळ्याच्या ओल्या पृष्ठभागावर कार्बाइडचा कण पडला की तिथे जे शिल्लक राहते ते चुन्याचे काम करते. चुन्याच्या निवळीचा सामू 12 च्या वर असतो, आणि 2 किंवा त्याहून कमी अथवा 11.5 किंवा त्याहून जास्त सामू असलेला पदार्थ उलट पुरावा नसेल तर क्षरणकारक मानावा असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. म्हणून कार्बाइडचा योग्य स्रोत पदार्थ चुना आहे: दोन पदार्थांची मूळ रचना वेगळी असली तरी विघटनातून एकच द्रव्य तयार होत असेल तर तेही साधर्म्य शास्त्रमान्य आहे. फळे पिकवण्यासाठी कार्बाइड वापरण्यावर 2011 च्या नियमांनुसार बंदी आहे. ऑक्टोबर 2025 च्या दिवाळीत शेजारच्या मध्य प्रदेशात कार्बाइडवर चालणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा केल्या, त्या पाहता बाजारातल्या सुट्या कार्बाइडविषयीची बेफिकिरी अक्षम्य वाटते.

गैरसमज: त्वचेला चालते ते डोळ्याला चालते, आणि बाकीचे संगणक सांगतो.

साबणाच्या तेलांत सापडणाऱ्या मेदाम्लांची मालिका पाहिली म्हणजे पहिला भाग खोटा ठरतो. आठ कार्बनांचे कॅप्रिलिक आम्ल त्वचेचे क्षरण करते, दहा कार्बनांचे कॅप्रिक आम्ल दाह करते, सोळा व अठरा कार्बनांची पामिटिक आणि स्टिअरिक आम्ले दाहक वर्गात येत नाहीत. मधले बारा कार्बनांचे लॉरिक आम्ल मात्र त्वचेसाठी दाहक ठरत नसून डोळ्याला गंभीर इजा करणारे म्हणून नोंदले गेले आहे. मालिकेतील दोन टोकांच्या मधल्या पदार्थाविषयी अनुमान करणे तुलनेने सुरक्षित असते, टोकाच्या पलीकडे जाणे धोक्याचे असते, आणि त्वचेचा निकाल डोळ्याला लावणे कधीच योग्य नसते.

ओईसीडीचे क्यूएसएआर टूलबॉक्स हे संगणकीय साधन 2008 पासून विनामूल्य मिळते, त्यामुळे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या किंवा शिरपूरच्या औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही सदृश रेणू शोधता येतात. ते रेणू समोर मांडते. त्यांतला कोणता ग्राह्य धरायचा हा निवाडा माणसालाच करावा लागतो.

गैरसमज: डब्यावर हिरवा त्रिकोण आहे, म्हणजे अंगाला काही होणार नाही.

कीटकनाशकांच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा आणि हिरवा हे रंग प्रयोगातील निम्मे प्राणी मरण्यास लागणाऱ्या मात्रेवरून ठरतात. तोंडावाटे दर किलो वजनाला 1 ते 50 मिलिग्रॅम मात्रा पुरेशी असेल तर लाल आणि 5000 मिलिग्रॅमहून अधिक लागत असेल तर हिरवा. डोळ्याची किंवा कातडीची जळजळ या हिशेबात धरलेलीच नसते. शिवाय डब्यात नुसते कीटकनाशक नसते. पाण्यात मिसळून दुधाळ होणाऱ्या द्रवरूप औषधात तेलकट द्रावक आणि फेसाळ मिश्रके असतात, आणि पुष्कळदा डोळ्यांची आग त्यांच्यामुळेच होते. म्हणून घटक एकच असला तरी एका कंपनीच्या दाणेदार औषधावरून दुसरीच्या द्रवाविषयी अनुमान काढता येत नाही.

कारखान्यांत येणाऱ्या घातक रसायनांसोबत सुरक्षा माहितीपत्रक असणे 1989 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे आणि कीटकनाशकासोबत माहितीपत्रिका येतेच. फवारणी करणाऱ्यांनी आणि कामगारांनी ती फेकून देऊ नये. डोळ्यात रसायन गेल्यास लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे डोळा धुवावा, आणि दवाखान्यात जाताना डबा किंवा निदान ती पत्रिका सोबत न्यावी. त्यावरील घटकाच्या नावावरूनच तो रेणू कोणत्या कुळातला आहे आणि उपचार कोणता हे डॉक्टरांना ठरवता येते.