अंदमानची सहल : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

जालन्याहून मुंबईचा समुद्रच चारशे किलोमीटरवर, मग अंदमान तर फारच लांब. त्यामुळे घरात अंदमानचा विषय निघाला की चौघांची चार मतं पडतात. त्यातली काही तपासून पाहू.

गैरसमज : अंदमानला जायला परवाना लागतो.
वस्तुस्थिती : श्री विजयपुरम (२०२४ पर्यंतचं पोर्ट ब्लेअर), स्वराज द्वीप (हॅवलॉक) आणि शहीद द्वीप (नील) इथे जायला भारतीय नागरिकाला आधारसारखं ओळखपत्र पुरतं. आदिवासींच्या राखीव क्षेत्रात मात्र प्रवेश नाही. बाराटांग बेटाच्या वाटेवर जारवा आदिवासींच्या भागातून गाड्या ताफ्यानेच सोडतात आणि तिथे फोटो काढणं गुन्हा आहे.

गैरसमज : जहाजाने जाणंच सोयीचं.
वस्तुस्थिती : चेन्नईहून जहाजाला एका बाजूने अडीच-तीन दिवस लागतात. आठवड्याची सुटी जाण्या-येण्यातच संपते. त्यापेक्षा चिकलठाणा विमानतळावरून हैदराबाद, बंगळुरू किंवा मुंबईमार्गे विमान सोयीचं. वाटेत चेन्नई किंवा कोलकाता गाठलं, तर तिथून पुढचं उड्डाण दोन-सव्वादोन तासांचं असतं.

गैरसमज : श्री विजयपुरमला एकच हॉटेल घ्यायचं आणि रोज एक बेट पाहून परत यायचं.
वस्तुस्थिती : स्वराज द्वीपला खासगी बोटीने जाऊन-येऊनच चार तास मोडतात आणि परतीची बोट दुपारीच गाठावी लागते. तिथला राधानगर किनारा खुलतो तो सूर्यास्ताला, म्हणून तिथे दोन रात्री मुक्काम हवा. शहीद द्वीप छोटं आणि शांत, तिथे एक रात्र पुरे. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, तेव्हा विमानाच्या आदल्या रात्री श्री विजयपुरमलाच असावं.

गैरसमज : तिथे मासेच खावे लागतात, शाकाहारी माणसाचे हाल होतात.
वस्तुस्थिती : बंगाली, तमिळ, तेलुगू अशा अनेक भाषकांची तिथे वस्ती आहे. त्यामुळे इडली-डोसा, वरण-भात, पोळी-भाजी मिळते. शहीद द्वीपावर भाजीपाल्याची शेती होते. बराच माल मात्र मुख्य भूमीवरून येतो, म्हणून दर थोडे चढे असतात. जैन जेवण हवं असेल तर हॉटेलला आधी कळवावं. बोलायला हिंदी सगळीकडे चालते.

गैरसमज : गोव्यासारखी रात्रभर धमाल असते.
वस्तुस्थिती : अंदमान जालन्याच्या जवळपास सतरा रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र तेच. त्यामुळे सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी उगवतो आणि संध्याकाळी साधारण पाच ते सहाच्या दरम्यान मावळतो. बेटांवर लवकर सामसूम होते. संध्याकाळसाठी सेल्युलर जेलचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम आणि अॅबर्डीन बाजार आहे. सावरकर १९११ ते १९२१ या काळात याच तुरुंगात होते आणि त्याच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत. तो दिवसाही निवांत पाहावा.

गैरसमज : पोहता येत नसेल तर समुद्राखालचं जग दिसत नाही.
वस्तुस्थिती : प्रशिक्षकासोबतच्या पहिल्या स्कूबा डायव्हिंगसाठी पोहता येण्याची अट सहसा नसते. दमा किंवा हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारावं. डुबकीनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, म्हणून स्कूबा शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

गैरसमज : पावसाळा तिथेही जूनमध्येच सुरू होतो.
वस्तुस्थिती : मोसमी पाऊस अंदमानात सहसा मे महिन्यातच पोहोचतो. जालन्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे सुमारे ३,००० मिलिमीटर. डिसेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. दिवाळीच्या सुटीत जाणार असाल, तर पावसाची आणि चक्रीवादळाची शक्यता धरून एक दिवस हातचा ठेवा.

गैरसमज : किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ उचललं तर काय बिघडतं?
वस्तुस्थिती : प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. विमानतळावर सामान तपासलं जातं आणि सापडलं तर कारवाई होते.

तेव्हा विमानाची तिकिटं काढाल तेव्हाच बोटीचीही काढा. हॉटेलं बोटीच्या वेळा पाहून ठरवा.