मशीनला रंग कळत नाही, त्वचेला चटका कळतो!

डिसेंबर आला की कॉलेजात ‘डेज’ सुरू होतात, घरात कुणाचं तरी लग्न निघतं आणि मोबाइलवर जाहिराती धडकायला लागतात. ‘नो सर्जरी, नो पेन, सहा सेशन्समध्ये इंच लॉस!’ यातली बरीच पॅकेजेस अल्ट्रासाऊंडच्या मशीनवर चालतात. पैसे भरताना डिस्काउंट किती, हे आपण विचारतो. ‘माझ्या त्वचेसाठी मशीन कसं सेट करणार?’ हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मशीन दोन प्रकारांनी काम करतं. ‘कॅव्हिटेशन’मध्ये कमी फ्रिक्वेन्सीच्या ध्वनिलहरी चरबीच्या थरात सूक्ष्म बुडबुडे तयार करतात. ते फुटताना चरबीच्या पेशींचं आवरण फाटतं. ‘हायफू’मध्ये भिंगाने ऊन एका ठिपक्यावर आणावं तशा या लहरी त्वचेखाली साधारण सेंटिमीटरभर खोलीवर एकवटतात. तिथलं तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि पेशी मरतात.

आता त्वचेचं बघू. फॉर्मवर ‘स्किन टाइप १ ते ६’ असा रकाना दिसतो ना, तो हार्वर्डचे त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्या वर्गीकरणातून आलाय. १९७५ मध्ये त्यांनी ते मांडलं, तेव्हा त्यात गोऱ्या त्वचेचे चारच प्रकार होते. उन्हात कोण भाजतं आणि कोण टॅन होतं, यावरून ते ठरत. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. आपल्यापैकी बहुतेकजण चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात.

लेसरचा प्रकाश त्वचेतलं मेलॅनिन शोषून घेतं, म्हणून सावळ्या त्वचेवर चुकीचं लेसर वापरलं तर भाजण्याची भीती जास्त. ध्वनिलहरींना मात्र मेलॅनिनशी देणंघेणं नाही. म्हणूनच ‘अल्ट्रासाऊंड सगळ्या रंगांना चालतं’ असं सांगतात, आणि ते खरंही आहे.

पण गोष्ट इथे संपत नाही. चटका बसलाच, तर गोऱ्या त्वचेवरचा लाल डाग काही दिवसांत जाऊ शकतो. आपल्या त्वचेवर त्याच जागी काळा डाग उमटतो आणि तो महिनोन्‌महिने रेंगाळतो. म्हणून सेटिंग महत्त्वाचं. सावळ्या किंवा संवेदनशील त्वचेवर ऊर्जा कमी ठेवून जास्त वेळा फिरवणं, हा शहाणपणाचा मार्ग. जेल भरपूर हवं, कारण मध्ये हवा राहिली की लहरी आत जात नाहीत. कॅव्हिटेशनचं हँडपीस एका जागी थांबता कामा नये. नुकतंच वॅक्सिंग केलं असेल किंवा ट्रेकला जाऊन अंग भाजलं असेल, तर आधी त्वचा शांत होऊ द्या. जखमेचे व्रण जाड, फुगीर होत असतील तर ते आधीच सांगा.

रंगापेक्षाही महत्त्वाची आहे चरबीच्या थराची जाडी. पोटाची चिमूट इंचभरही भरत नसेल, तर हायफूची उष्णता नको तिथे पोचू शकते. म्हणजे जी मुलगी मुळातच बारीक आहे, तिलाच धोका जास्त! त्वचा सैल असेल, तर चरबी कमी झाल्यावर ती आणखी लोंबू शकते. गरोदरपण, पेसमेकर, हर्निया, त्या भागात धातूचं इम्प्लांट किंवा यकृताचा आजार असेल, तर हे उपचार टाळायचे.

आणि फळ किती? हायफूने कमरेचा घेर साधारण दोन-अडीच सेंटिमीटर कमी होतो, तोही आठ-बारा आठवड्यांनी. वजनाचा काटा जवळपास हलत नाही. सेशननंतर लगेच टेप लावून दाखवलेला ‘इंच लॉस’ श्वास आत घेतल्यानेही दिसतो.

तेव्हा पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचाराच. मशीन कोणतं, अल्ट्रासाऊंडचं की सोबत लेसरही आहे? चालवणार कोण, आणि त्वचारोगतज्ज्ञ तिथे हजर असतात का? चरबीची जाडी मोजणार का? आधी छोट्या भागावर कमी सेटिंगला करून बघणार का? सेशन चालू असताना चटका जाणवला, तर ‘थोडं सहन कर’ ऐकून गप्प बसू नका. ‘थांबवा’ म्हणा. पॅकेजचे पैसे गेले तर पुन्हा कमावता येतात, डाग मात्र लग्नाच्या अल्बममध्ये कायमचा राहतो.