एसी फिल्टर घरी बदलला तर गाडीची वॉरंटी जाते का?

पावसाळा तोंडावर आला की अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकडच्या गाड्या सर्व्हिस सेंटरला जायला लागतात. बिल हातात पडतं तेव्हा त्यात एसी फिल्टर, वायपर, बॅटरीची साफसफाई अशी बारीकसारीक कामं दिसतात. वर मजुरी, आणि त्या मजुरीवर १८ टक्के जीएसटी. यातली बरीच कामं सोसायटीच्या पार्किंगमध्ये अर्ध्या तासात होतात. तरी लोक हात लावत नाहीत, कारण "वॉरंटी जाईल" हे वाक्य डोक्यात बसलेलं असतं.

वॉरंटीचं खरं काय?

२५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती कंपन्या बाहेरच्या बाजारात येऊ देत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असंही आयोगाने सांगितलं. कंपन्यांनी या आदेशाला आव्हान दिलं, तो भाग वेगळा. पण तुमच्या चुकीने काही बिघडलं तर तो खर्च तुमचाच. त्यामुळे वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस सेंटरलाच करावी, मधली किरकोळ कामं घरी. सामानाची बिलं मात्र जपून ठेवा.

मग घरी काय करता येतं?

सगळ्यात सोपा एसी फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो. कप्पा काढायचा, झाकण उघडायचं, जुना फिल्टर ओढायचा. नव्यावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुन्यासारखाच ठेवायचा. एमआयडीसीच्या बाजूला रोज ये-जा असेल तर निघालेल्या फिल्टरचा रंग बघूनच काय ते कळेल. इंजिनचा एअर फिल्टरही असाच, चार क्लिपा किंवा स्क्रूंचं काम.

वायपर बदलताना काचेवर जाड फडकं ठेवा. रबर काढलेला दांडा सुटून आपटला तर काचेला तडा जातो आणि दोन-तीनशे रुपये वाचवायला जाऊन काही हजारांचा फटका बसतो.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी निगेटिव्ह वायर सोडवायची आणि जोडताना ती शेवटी लावायची. हा क्रम चुकवू नका. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने टोकं घासली की झालं.

सामान घेताना थोडं डोळसपणे घ्या. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद इथे सगळ्यांना पाठ आहे. पण बनावट फिल्टर आणि ऑइल कुठेही मिळतं. पार्ट नंबर मॅन्युअलमधून किंवा जुन्या भागावरून जुळवा आणि पक्कं बिल घ्या.

कशाला हात लावू नये?

ब्रेक, एअरबॅग, इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या केशरी वायरी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

आणि उल्हास नदीकाठच्यांसाठी एक खास गोष्ट. गाडी पुराच्या पाण्यात उभी होती तर 'चालू होते का बघू' म्हणून स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर पिस्टनचे रॉड वाकतात, आणि 'इंजिन प्रोटेक्ट' घेतलं नसेल तर विमा कंपनी बहुधा हा खर्च देत नाही. अशी गाडी टो करूनच न्यायची.

ऑइल घरी बदलावं का?

पातळी तपासा, कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं भरा. पूर्ण बदलणं टाळलेलंच बरं, कारण निघालेलं तीन-चार लिटर काळं ऑइल टाकणार कुठे? कायद्याने तो घातक कचरा आहे, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवा. गटारात ओतलं तर ते शेवटी वालधुनीत पोहोचतं. १०६० सालचं शिवमंदिर याच नदीच्या काठी उभं आहे आणि नदीत आधीच रसायनं कमी नाहीत.