तवसळी : निखाऱ्यांवर भाजलेला कोकणी केक

ऱ्हुबार्ब या भाजीच्या आंबट देठांचा पाश्चात्त्य घरांत जसा ‘पाय’ हा गोड पदार्थ भाजतात, तशी कोकणात तवशाची, म्हणजे पावसाळी वेलीवरच्या मोठ्या जून काकडीची, तवसळी होते. बिया काढून काकडी किसतात आणि तिला सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ व ओले खोबरे शिजवतात, कारण वरून पाणी घातल्यास काकडीचा वास, जो या पदार्थाचा खरा प्राण आहे, फिका पडतो. पूर्वी हे मिश्रण तूप लावलेल्या पातेल्यात थापून चुलीवर ठेवीत आणि झाकणावरही निखारे पसरीत, त्यामुळे वरची बाजूही खरपूस होई. आता भिवंडीसारख्या शहरातल्या इमारतींत निखारे कुठले? तिथे १८० अंश सेल्सिअसचा ओव्हन चालतो. मात्र तवसळी पूर्ण निवल्याशिवाय कापू नये, नाहीतर वड्या मोडतात.